लघुतम माप

ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. नक्षी किती बारीक उतरणार, हे ठिपके मांडतानाच ठरून गेलेले असते. पाच ओळींत मोर बसवता येतो. त्याच्या पिसातला डोळा बसत नाही. चलच्चित्र टिपणारा आजचा कॅमेरा याच नियमाने बांधलेला आहे. रांगोळीतले ठिपके रेषा जोडून झाल्यावर दिसेनासे होतात, कॅमेऱ्याच्या चित्रात मात्र ठिपक्यांवाचून दुसरे काही नसतेच.

म्हैसूरच्या दक्षिणेला, नंजनगूडच्या रस्त्यावर कडकोळ नावाचे गाव आहे. तेथल्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रभाग तपासण्यात ज्यांची सारी नोकरी सरली, अशा मिरजेकडच्या एका गृहस्थांना हा नियम वेगळ्या वाटेने ठाऊक होता. वर्निअर कॅलिपरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर असेल, तर त्याच्याआतले काहीही त्या उपकरणाला दिसत नाही. नोंदवहीत दशांशचिन्हापुढे आणखी दोन आकडे लिहिल्याने भाग अधिक अचूक होत नाही, तपासनीस तेवढा खोटा ठरतो. नव्याने रुजू झालेल्या पोरांना ते हे पहिल्याच दिवशी सांगत.

त्यांचे लग्न १९८६ साली मिरजेस झाले आणि त्या काळच्या हौसेप्रमाणे त्याची व्हीएचएस कॅसेट निघाली. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीचे चित्र तेव्हा ६२५ ओळींचे. त्यांतल्या ५७६ ओळी पडद्यावर दिसणाऱ्या, आणि त्याही ओळ सोडून ओळ अशा दोन हप्त्यांत येणाऱ्या. घरगुती फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील टिके. पुढे २००६ साली म्हैसूरच्या एका दुकानातून त्या कॅसेटची डीव्हीडी करून आणली गेली, तेव्हा प्रत्येक चित्राला ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके लाभले. फितीत एवढा ऐवज नव्हता. भांडे मोठे घेतले म्हणून दूध वाढत नाही.

मुलीचे लग्न २०११ साली म्हैसुरातच झाले. चित्रण करणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर १०८० हा आकडा ठळक छापलेला होता. तो खोटा नव्हता, पण पुराही नव्हता. उच्च सुस्पष्टतेचे पूर्ण चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे. फितीवर नोंद करणारे त्या जातीचे कॅमेरे मात्र ओळीमागे १४४० ठिपकेच लिहीत आणि दाखवताना ते आडवे ताणून १९२० करीत. रंगाची नोंद तर उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी. शिवाय पूर्ण चित्राचा कच्चा प्रवाह सेकंदाला सव्वाशे कोटी बिटांच्या घरात जात असताना फितीवर अडीच कोटीच मावत, म्हणून उरलेले सारे हिशेबाने दाबून बसवलेले. एका पाहुण्याकडे स्थिरचित्रांचा कॅमेरा होता, २००८ नंतर चलच्चित्रेही टिपू लागलेल्यांपैकी. त्या पिढीतल्या अनेक कॅमेऱ्यांत ठिपके मुबलक असत, पण सेकंदाला पंचवीस वेळा ते सगळे वाचून काढण्याची ऐपत नसे; मग मधल्या ओळी गाळून चित्र लहान केले जाई. म्हैसूर सिल्कच्या जरीकाठावर कोणी न विणलेल्या लहरी त्या चित्रणात सळसळत राहिल्या, त्या या गाळण्यामुळे.

अंदाज तर प्रत्येक कॅमेरा करतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेल्या मांडणीत संवेदकावरचा प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो: निम्मे हिरवा, पाव तांबडा, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून भरले जातात. पण ते शेजारी त्याच क्षणी, त्याच चेहऱ्यासमोर हजर असतात. या अंदाजाला साक्षीदार आहे.

गृहस्थांच्या पत्नी २०१६ साली निवर्तल्या. नातू त्यानंतर वर्षभराने जन्मला. २०२३ साली मुलीने ती जुनी डीव्हीडी चित्रे सुधारणाऱ्या एका संगणक-प्रणालीतून काढली आणि घरातल्या नव्या दूरचित्रवाणीवर लावली. तिचा पडदा ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. १०८० ओळींचे चित्र त्यावर नेटके बसते, कारण एका ठिपक्याचे सरळ चार होतात. लग्नाच्या त्या चित्रात मात्र एकाच्या जागी पंधरा ठिपके हवे होते. एक टिपलेला, चौदा कल्पिलेले. अंतरपाट दूर झाला आणि वधूचा चेहरा लखलखीत उभा राहिला. पापणीचा केस न् केस वेगळा.

“बाबा, आई किती स्पष्ट दिसते बघा.”

“दिसते. पण ही कोण?”

हनुवटीच्या डाव्या अंगाला असलेला तीळ तेथे नव्हता. मूळ चित्रात त्या मुखाच्या वाट्याला रुंदीत चाळीसेक ठिपके आले होते. तीळ एका ठिपक्याहूनही लहान. प्रणालीने रिकामी जागा भरली ती हजारो परक्या चेहऱ्यांच्या अनुभवावरून, आणि त्या चेहऱ्यांना तेथे तीळ नव्हता.

मुलीचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नव्हते. “त्या फितीत तरी आई कुठे आहे, बाबा? नुसता धुकट डाग आहे. ह्याला आजी म्हणून मी तो डाग दाखवू?”

गृहस्थांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कपाटातून लग्नाच्या छायाचित्रांच्या निगेटिव्हची पाकिटे काढली. कडकोळवरून जाणारा रस्ता पुढे गुंडलुपेट, बंडीपूर ओलांडून उटीला पोचतो; तेथे १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात एके काळी ‘इंदू’ नावाची फिल्म बनत असे. तो कारखाना आता बंद आहे. पण फिल्मवर ठिपक्यांची चौकट आखलेली नसते. चांदीच्या क्षारांचे कण जसे सांडतील तसे. म्हणूनच १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ आजही मोठ्या पडद्यासाठी नव्याने टिपून घेता येतो, आणि त्यानंतर अर्धशतकाने फितीवर घेतलेले दूरदर्शनचे कार्यक्रम ५७६ ओळींच्या पलीकडे जात नाहीत. जुन्याकडे अधिक आणि नव्याकडे कमी, असा हा विचित्र वारसा आहे. अर्थात फिल्मही जळते, बुरसते: पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत किती तरी मूळ रिळे गेली.

त्या निगेटिव्ह म्हैसुरात इंचाला ४००० ठिपके या हिशेबाने टिपून घेतल्या गेल्या. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या तुकड्यातून २ कोटी १४ लाख ठिपके निघाले. कडेला बुरशीचे जाळे आले, पण तीळ होता. नातवाने तो बोट लावून दाखवला. वधूची नजर मात्र प्रत्येक छायाचित्रात खाली वळलेली. ती मान वर करून हसली होती ते फक्त कॅसेटमध्ये, त्या चाळीस ठिपक्यांत, पाच-सहा सेकंद.

आता घरात दोन्ही प्रती आहेत. एकीवर गृहस्थांनी तपासणी विभागातल्या अक्षरात ‘मूळ, ७२० × ५७६’ अशी पट्टी चिकटवली आहे. दुसरीवर पट्टी आहे, पण तीवर काय लिहावे हे बापलेकींचे अजून ठरलेले नाही.