डूम, विधी आणि दाद

परवा नववीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, 'डूम' म्हणजे सर्वनाश ना? मग 'फ्रीडम'मधलं 'डम' कुठून आलं?"

दोन्ही एकच. जुन्या इंग्रजीत 'डोम' म्हणजे निवाडा, कायदा. त्याचाच प्रत्यय होऊन किंगडम, विज्डम, फ्रीडम असे शब्द झाले. १०८६ साली विल्यम राजानं इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याची नोंद करवली. तिच्यापुढे कुणाचं काही चालेना, म्हणून लोक तिला 'डूम्सडे बुक' म्हणू लागले; जणू कयामतचा निवाडाच! त्या अखेरच्या निवाड्याची भीती चिकटून 'डूम'चा अर्थ पुढे सर्वनाश झाला.

याचं मूळ 'ठेवणे, घालून देणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. संस्कृतात तो 'धा'. त्यातून विधी, विधान. फारसीत त्याच मुळाचा 'दाद' म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो, ती हीच.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यानं माझ्या मराठी लेखातला 'दाद' खोडला होता. "हा तुमचा शब्द," म्हणाले. मी गप्प बसलो होतो.

परवा मात्र फळ्यावर तिन्ही शब्द शेजारी लिहिले: डूम, विधी, दाद. मुलांना सांगितलं, ही सख्खी भावंडं आहेत.