शंभराला दोन कमी

पावसाळा आला की माझा उजवा गुडघा मला कॉलेजातल्या एका संध्याकाळची आठवण करून देतो. खो-खोच्या सामन्यात खांबाला वळसा घालताना तो पिरगळला आणि माझा खेळ त्याच क्षणी संपला. पुढे कित्येक वर्षे मी मैदानाकडे फिरकलोही नाही. याला मी विरक्ती म्हणत असे. ती विरक्ती नव्हती, निव्वळ रुसवा होता, हे मला फार उशिरा आणि तेही परमुलुखात कळले.

मुलाकडे मेलबर्नला गेलो असता त्याने मला तिकडचा फुटबॉल दाखवायला नेले. क्रिकेटच्या विस्तीर्ण मैदानावर अठरा-अठरा गडी, लंबगोल चेंडू आणि तो झेलण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापर्यंत घेतलेल्या उड्या! मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्यास तेथे १९८१ पासून ‘कोलमन पदक’ देतात. हा कोलमन कोण, असे मी सहज विचारले, आणि त्या रात्री त्याची हकीकत वाचीत बसलो.

जॉन कोलमन १९४९ साली एसेंडन संघातर्फे पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने १२ गोल केले. त्या मोसमातला त्याचा शंभरावा गोल अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत झाला. त्या वर्षीचे आणि १९५० चे अजिंक्यपद एसेंडनने पटकावले. १९५१ मध्ये मात्र एका प्रतिस्पर्ध्याच्या माराला त्याने हातानेच उत्तर दिले. चार आठवड्यांची बंदी आली, आणि त्याच्यावाचून संघ अंतिम सामना ११ गुणांनी हरला. देवमाणूस नव्हे, हाडामांसाचा मनुष्य!

१९५४ च्या जूनमध्ये, एका सामन्यात १४ गोल केल्यावर पुढच्याच सामन्यात त्याचा गुडघा जायबंदी झाला. वय अवघे २५. १९५६ साली त्याने पुन्हा प्रयत्न केला, पण गुडघ्याने साथ दिली नाही. ९८ सामने, ५३७ गोल. शंभराला दोन कमी असलेला तो आकडा पाहून मला उगीचच आपले कोणी गवसल्यासारखे वाटले.

पण पान उलटले, आणि ते नाते तेथेच तुटले. १९६१ साली हा गृहस्थ त्याच संघाचा प्रशिक्षक होऊन परतला होता! जेथे आपण उंच झेपावलो, तेथेच कडेला उभे राहून दुसऱ्यांच्या उड्या पाहायच्या, हे त्याने १९६७ पर्यंत केले. १९६२ आणि १९६५ अशी दोन अजिंक्यपदे संघाला मिळवून दिली. १९७३ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी तो वारला.

गुडघा त्याचाही गेला होता, माझाही. मैदान मात्र मी आपल्या हाताने गमावले होते.

परत आल्यावर एके संध्याकाळी शाळेच्या मैदानावरून जात होतो. मुले खो-खो खेळत होती. एक पोरगा खांबापाशी वळताना दरवेळी अडखळत होता. मी थोडा वेळ गप्प उभा राहिलो. मग काठी टेकीत कडेपर्यंत गेलो आणि हाक मारली, “अरे बाळ, खांबाला आधी हात घाल, मग वळ.”