भुताचा सातबारा

माणूस दचकतो आणि माणूस खदखदून हसतो, या दोन्हींची कळ एकच आहे, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही? सध्या मी भेटेल त्याला धरून हेच सांगते आहे. भाजीवालीला सांगून झालं, लोकलच्या ग्रुपला सांगून झालं, शेजारच्या काकू तर मला बघून दार लावून घेतात. आता पाळी तुमची.

निमित्त झालं भाच्याचं. तो आणि त्याची मित्रमंडळी शॉर्टफिल्म करायला कर्जतला आली. विषय हॉरर कॉमेडी. पळसदरीच्या अंगाला ओळखीतलं एक फार्महाऊस मिळालं होतं, कॅमेरा भाड्याचा होता, उत्साह उतू चालला होता. फक्त इथली बोली कुणाला येत नव्हती. "मावशी, तू नुसते संवाद बघ," म्हणाला. मी संवाद बघायला गेले ती तिकडचीच झाले! घरी येत होते, स्वैपाक करत होते, पण डोक्यात चोवीस तास भूत.

तसं आमच्या भागाला शूटिंगचं अप्रूप नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'चा बादशाही थाट तिथलाच. पण दुरून शूटिंग बघणं वेगळं आणि त्यात हात घालणं वेगळं.

तर आमची कथा. प्लॉटचा एजंट मुंबईच्या एका जोडप्याला जमीन दाखवायला आणतो. जमिनीत पिंपळ, पिंपळावर मुंजा. मुंजा रात्रीतून सगळ्यांना खलास करतो. समाप्त. पडवीत वाचन चाललं होतं. दिग्दर्शक पोरगी आवाज चढवून, उतरवून, अगदी रंगून वाचत होती. पायरीवर जनरेटरवाले काका तंबाखू मळत बसलेले, घरी जायची घाई असलेले. वाचन संपलं आणि त्यांनी विचारलं, "समदं बराबर हाय. पन त्याला पायजे काय?"

"कुणाला?"

"त्या मुंजाला. उगाच कशाला कुनाला मारंल तो? त्याला दुसरा धंदा नाय का?"

सगळे गप्प. मग दिग्दर्शक पोरगी जी हसत सुटली, ती थांबेचना. आणि त्याच रात्री कथा उलटीपालटी झाली. आमच्या मुंजाला हवं होतं सातबाऱ्यावर नाव! पिंपळ त्याचा, वहिवाट पिढ्यानपिढ्यांची, आणि हा एजंट परस्पर जमीन विकतो म्हणजे काय? निदान 'इतर हक्कां'त तरी नोंद घाला, फेरफार करा, चला आत्ताच्या आत्ता तलाठ्याकडे! एजंट बिचारा चळाचळा कापतोय, पण पडला धंद्याचा माणूस. तो म्हणतो, "साहेब, मयताच्या जागी वारस लागतो. तुमचं तर लग्नच झालेलं नाही." आणि इथं मुंजाला रडू कोसळतं.

कर्जत-नेरळ पट्ट्यात राहणाऱ्याला यातली मेख समजावून सांगायला नको. इथं प्रत्येक प्लॉट "स्टेशनपासून दहा मिनिटं" असतो, मग तो डोंगरापलीकडे का असेना. भुताला घाबरत नाही असा माणूस इथं सापडेल. सातबाऱ्यातल्या घोळाला घाबरत नाही असा नाही सापडणार.

पण माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो काकांच्या प्रश्नानं. आपली मराठी भुतं नुसती भुतं नसतातच हो! प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं असतं. मुंजाची मुंज झाली, लग्न राहून गेलं. समंध पुरलेल्या धनावरून हलायला तयार नाही. हडळीचं बाळंतपणात राहिलेलं दुःख. गिऱ्ह्याला पाण्याशी सोबत हवी. चकव्याला काय हवं असतं देव जाणे, पण रानात माणसाला रात्रभर गोल गोल फिरवण्यात त्याला भारी गंमत वाटत असणार. ज्याला काही तरी हवंय, ते मिळत नाहीये आणि तरी जो हट्ट सोडत नाही, तो जिवंत असेतो विनोदी. मेला की भयानक. मधे फक्त एक श्वास!

मग काय, घरी येऊन जुने सिनेमे बघायचा सपाटाच लावला. 'झपाटलेला' आठवतो ना? महेश कोठारेंचा, १९९३ सालचा. बाहुलीत शिरलेल्या खुन्याची कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमाच्या वळणाची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या मंडळींनी त्यात काय गंमत केली बघा. लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा! आता ज्याचं पोटच बाहुली बोलवण्यावर आहे, तो बोंबलून सांगतोय की माझी बाहुली खरंच बोलते. कोण विश्वास ठेवणार? लोक टाळ्याच वाजवणार! एका फटक्यात प्रसंग विनोदीही झाला आणि जीवघेणाही. शिवाय बाहुलीतल्या त्या खुन्याला, तात्या विंचूला, घातलेली अट: गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात शिरता येईल. म्हणजे हवंय काय ते पक्कं, मिळवायचं कुठून तेही पक्कं. ही एक अट अख्खी पटकथा ओढून नेते. बाहुली रामदास पाध्यांनी घडवलेली, अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याच्या घराण्यातली. आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा.

आणि हा दुसरा शोध तर ऐकाच. प्रभावळकर! 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण त्यांनी रंगवलेली. मतकरींच्या त्या नाटकाला घाबरून आईला बिलगणारी पोरं पुढच्याच क्षणाला खिदळायची. १९८२ च्या 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफ भूत, आणि त्या भुताशी गाठ पडते ती यांचीच; लेखन द. मा. मिरासदारांचं. १९९३ ला तात्या विंचूचा आवाज. २००४ च्या 'पछाडलेला'त इनामदार भुसनळे. मराठी माणसाला हसवत घाबरवायचं म्हटलं की हा एक सौम्य चेहऱ्याचा माणूस सगळीकडे हजर! हे कुणी एका ओळीत मांडून दाखवलं असतं तर मी कधीच वेडी झाले असते.

अलीकडचं बघायचं तर आदित्य सरपोतदार. २०२२ ला त्यांनी 'झोंबिवली' केला, झोंबी थेट डोंबिवलीत. संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून डोंबिवलीला उतरू पाहणारी गर्दी ज्यानं पाहिली आहे, त्याला ही कल्पना अजिबात अतिशयोक्त वाटणार नाही. आणि २०२४ ला त्यांचाच हिंदी 'मुंज्या', कोकणातला. त्यातल्या भुताला हवंय काय? लग्न! एवढंच. तेवढ्या हट्टावर सिनेमानं शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. जनरेटरवाल्या काकांना पटकथेचे वर्ग घ्यायला बसवायला हवं.

आता शूटिंगचं सांगते. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे लाइट लावला रे लावला की किड्यांचा ढगासारखा लोंढाच यायचा. स्मोक मशीनच्या जोडीला आम्ही धुपाटणं फिरवत होतो. मुंजा झालेला पोरगा कॉलेजच्या एकांकिकांतला. गुळगुळीत डोकं, शेंडी, जानवं, लंगोटी आणि अंगाला गोवरीची राख. शॉटच्या मधल्या वेळात तो अंगावर शाल घेऊन मोबाइल बघत बसायचा. बाहेरून आलेल्या दूधवाल्यानं त्याला एकदा तसा, खालून उजेड पडलेला पाहिला आणि कॅन तिथंच टाकून तो पळाला. आम्ही हसून हसून लोळलो. मग दिग्दर्शक पोरगी एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "हेच! हा खरा घाबरला म्हणून आपण हसलो."

हा नियम तिनं नंतर एजंटचं काम करणाऱ्या नटाच्या डोक्यात घण मारून मारून बसवला. तो पहिल्यांदा विनोदी घाबरत होता: डोळे फिरवणं, गुडघे आपटणं, सगळा तमाशा. कुणालाच हसू येईना. "तू विनोद करू नकोस," ती म्हणाली. "तुला मरायचं नाहीये आणि कमिशनही सोडायचं नाहीये. दोन्ही खरं कर." पुढच्या टेकला त्यानं थंडगार हातांनी प्लॉटचा नकाशा मुंजापुढे उलगडला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कोपऱ्यातला बघता का? वास्तूला चांगला आहे." कॅमेरामनचे खांदे हलायला लागले, शॉट वाया गेला. माझ्या मात्र अंगावर काटा होता. हसू आणि काटा, एकाच वेळी, एकाच अंगावर!

पण कळस केला तो आवाजानं. साउंडवाला पोरगा पहिल्या रात्रीपासून वैतागलेला. रातकिडे, बेडूक आणि वर घाटातल्या गाड्या. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, कारण घाटाचा चढ सदतीसाला एक इतका खडा. त्यांचे भोंगे रात्री डोंगरात घुमत राहतात. आमच्या शांततेची पार वाट लागायची. शेवटी तो कान धरून बसला आणि मग स्वतःच ओरडला, "ल्यूटन बस!"

मला वाटलं, एसटीचं काही सांगतोय. तर ही गोष्ट १९४२ ची. 'कॅट पीपल' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर. रात्री एक बाई एकटी चाललीय, मागे कुणाची तरी पावलं. मग पावलं बंद. आपण श्वास रोखून बसलोय, आता झेप पडणार, आता पडणार. आणि फिस्स करून समोर येते साधी बस! प्रेक्षक उडतो आणि लगेच हसतो. तेव्हापासून या युक्तीचं नावच 'ल्यूटन बस' पडलं.

आणि आमच्याकडे तर इंजिन होतं! एडिटला हा प्रसंग मी भाच्याच्या खांद्यावरून बघितला. एजंट पिंपळाकडे पाठ करून उभा. पाचोळ्यावर पावलं वाजतात. थांबतात. रातकिडे थांबतात (ते साउंडवाल्यानं थांबवले). काहीच नाही. अजून काहीच नाही. आणि एकदम घाटातला भोंगा! एजंट किंचाळून ज्याला मिठी मारतो, तो मुंजा. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, हे मला तिथं कळलं. भोंगा अर्धा सेकंद आधी आला तर नुसता आवाज, अर्धा सेकंद उशिरा आला तर कंटाळा. भाचा दोन-दोन, तीन-तीन फ्रेम मागेपुढे सरकवत होता, आणि एका जागी आल्यावर आम्ही दोघंही खुर्चीत उडालो. प्रसंग पाठ असूनही! मग हसलो. हे एवढंसं सरकवणं म्हणजेच सगळी कला. पु.ल. व्यासपीठावर वाक्याच्या मधे थांबायचे ना, ते तरी दुसरं काय होतं?

फिल्म आम्ही सोसायटीच्या गच्चीवर, पांढरी चादर लावून दाखवली. मी पडद्याकडे बघितलंच नाही, माणसांकडे बघत बसले. तेच दृश्य, जे खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कात 'सलीमगढ'च्या भुताटकीतून बाहेर पडणाऱ्यांचं: आत किंकाळ्या, बाहेर येताना खिदळणं. हसून अंग सैल पडलं की पुढचा दचका जोरात बसतो, आणि दचका बसला की पुढचं हसू आपोआप फुटतं. भोंग्याच्या वेळी पहिल्या रांगेतले एक निवृत्त तलाठी असे उडाले, की शेजारच्याच्या हातातला चहा सांडला. फेरफाराच्या प्रसंगाला मात्र ते एकटे हसले नाहीत. नंतर येऊन म्हणाले, "नमुना चुकीचा दाखवलाय. फेरफार सहामध्ये असतो, सातमध्ये नाही."

शेजारच्या काकू, त्याच दार लावून घेणाऱ्या, जाताना सहज बोलून गेल्या की लहानपणापासून पिंपळाखालून जाताना त्यांची छाती धडधडायची, आता बहुतेक सातबारा आठवेल. ऐकलंत? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच. पण ज्या भुताला आपण एकदा मनसोक्त हसलो, त्याच्या नावावर पुन्हा आपल्याकडून पैसे उकळणं मांत्रिकाला जड जाणार. आणि यासाठी भुताची टिंगल करावी लागत नाही. उलट त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यावं लागतं.

आता पुढची कथा मीच लिहिते आहे, नुसते संवाद नाहीत, अख्खी कथा! खालापूरच्या टोलनाक्यावर अडकलेलं भूत. एक्सप्रेस-वे व्हायच्या आधीच्या काळात घाटात गेलेला ट्रकवाला; माल पुण्याला पोचवायचा राहिलाय, आणि आता त्याला नाक्यावरून सोडत नाहीत, कारण फास्टॅग नाही. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि हा खिडकीत हात घालून विझत्या डोळ्यांनी रोख पैसे पुढे करतोय, त्यातही बंद झालेली हजाराची नोट! ट्रकमध्ये माल कोणता, यावर मात्र आमच्याकडे जोरदार भांडणं चालू आहेत. भाचा म्हणतो बर्फ. मी म्हणते हापूस. इतकी वर्षं ताडपत्रीखाली राहिलेल्या हापूसचा वास नाक्यावर पसरला की पहिल्यांदा कुणाला हसू येईल आणि कुणाला घाम फुटेल, याचा जरा विचार करून बघा, आणि माझ्या बाजूनं मत द्या.