ठोके आणि गप्प तास

रेनमीटरमध्ये घड्याळ उभे करणे फारसे अवघड नाही. २००१ मध्ये किम्मो पेक्कोला यांनी सुरू केलेले हे विंडोजसाठीचे मोफत सॉफ्टवेअर. साधी मजकुराची फाइल, तिच्यात एक विभाग वेळ मोजणारा, दुसरा ती दाखवणारा. काटे हवेत तर काट्याचे चित्र फिरवत ठेवायचे. पंधरा मिनिटांत डेस्कटॉपवर घड्याळ दिसू लागते. ते वाजवायचे म्हटले की मात्र काम सुरू होते.

*

एक ते बारा ठोक्यांची बेरीज ७८, दिवसातून दोनदा म्हणून १५६. अर्ध्या तासाचा एकेक ठोका धरला तर १८०. चावीच्या घड्याळात एवढ्या ठोक्यांसाठी स्वतंत्र स्प्रिंग असे; म्हणून तबकडीवर चावीची दोन भोके.

*

ठोके मोजण्याच्या जुन्या तऱ्हा दोन. पहिलीत खाचांची चकती असते आणि दोन खाचांमधले अंतर तासागणिक वाढत जाते. काटे कुठे आहेत हे या चकतीला ठाऊकच नसते. मघाशी पाच वाजवले, म्हणून आता सहा, एवढाच तिचा हिशेब. कुणी काटे घाईने फिरवले आणि मधले ठोके पुरे होऊ दिले नाहीत, की तबकडीवर चार आणि कानावर सात. दुसऱ्या तऱ्हेत तासाच्या काट्याबरोबर फिरणारी बारा पायऱ्यांची चकती असते. दर तासाला एक दांडा तिच्यावर पडतो, आणि तो किती खोल गेला यावरून ठोके ठरतात. १६७६ च्या सुमाराच्या या युक्तीचे श्रेय एडवर्ड बार्लो या इंग्रज पाद्र्याला देतात.

रेनमीटरसाठी लुआ या भाषेत स्क्रिप्ट लिहिणाऱ्यापुढे नेमका हाच फाटा येतो. आकडा लक्षात ठेवून दर तासाला एकने वाढवायचा, की दर वेळी ‘आत्ता किती वाजले?’ असे विचारायचे? लॅपटॉप मिटून ठेवला तर मधले तास त्याच्या गावीही नसतात. तेव्हा बार्लोचाच रस्ता.

*

किरकोळ. बारा तासांचा आकडा लुआकडून मजकूर म्हणून येतो, ‘०३’ असा; आधी त्याचा अंक करावा. चोवीस तासांच्या आकड्याला बाराने भागून बाकी घ्यायची असेल तर दुपारचे आणि रात्रीचे बारा तपासावेत. बाकी शून्य, ठोके शून्य. सेकंदही तपासावेत. नाहीतर पाच वाजून चाळीस सेकंदांनी संगणक सुरू केला तरी तो खुशाल पाच ठोके देतो.

*

रेनमीटर वेव्ह फाइल वाजवते, पण एका वेळी एकच. दुसरा ठोका सुरू झाला की पहिल्याचा घुमारा तिथेच कापला जातो. दर सेकंदाला ठोका दिला तर घंटा न वाटता कुणी पत्रा बडवतोय असे वाटते. दोन ठोक्यांत अंतर वाढवावे, किंवा एक ते बारा ठोक्यांच्या बारा फाइली आधीच जोडून ठेवाव्यात. मला बारा फाइली बऱ्या वाटतात. घुमारे एकमेकांत मिसळू देता येतात.

*

वहिनी दारात उभी. ‘‘भाऊजी, ते घड्याळ दुपारचं बंद ठेवा हो. ह्यांची काल नाइट होती.’’

भिलाईत पोलाद कारखान्याच्या पाळ्या सहाला, दोनला आणि रात्री दहाला सुरू होतात. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून गावातल्या कुठल्या ना कुठल्या घरात भर दुपारी पडदे ओढून कुणीतरी झोपलेले असते. घड्याळाच्या दुकानात मिळणारी ‘रात्री गप्प’ची सोय इथे अर्धवट आहे. अंधार पडला की ठोके बंद, ही अक्कल बाकीच्या गावांना पुरते. इथे दादाची रात्र सकाळी सातला सुरू होते.

म्हणून स्क्रिप्टमध्ये ठोक्यांपेक्षा गप्प तासांचा तक्ता मोठा झाला. पाळी अ, म्हणजे सकाळी सहाची, असेल तर रात्री नऊ ते पहाटे साडेचार गप्प. ब असेल तर रात्री साडेदहा ते सकाळी सात. क असेल तर सकाळी सात ते दुपारी दोन. सुट्टीची ओळ वेगळी. पाळी कुठली हे एका अक्षराच्या फाइलीत, आणि ते अक्षर वहिनीने बदलायचे. तारखेवरून पाळी आपोआप काढता आली असती, पण कुणाशी तरी पाळी बदलून घेतली, ओव्हरटाइम लागला, की तो हिशेब कोलमडतो. वहिनीचा कोलमडत नाही.

*

सुरावटीचे पाहिले. सगळ्यांच्या ओळखीची वेस्टमिन्स्टरची सुरावट मुळात केंब्रिजच्या एका चर्चमधली, १७९३ ची. चार स्वर, त्यांच्या पाच ओळी. पाव तासाला पहिली, अर्ध्याला दुसरी-तिसरी, पाऊण तासाला चौथी-पाचवी-पहिली, पूर्ण तासाला दुसरी ते पाचवी. मांडून पाहिले तर त्याच पाच ओळी तासाभरात क्रमाने दोनदा फिरतात. म्हणजे पाच तुकड्यांत काम भागते.

मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्ये, १८७८ चे बांधकाम ते, एके काळी सोळा सुरावटी होत्या आणि दिवसातून चारदा बदलत. रेनमीटरवाल्यांचा छंद तेव्हाही होता म्हणायचा. फक्त पैसे प्रेमचंद रायचंदांचे होते.

*

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. भिलाई त्याच्या एक अंशाहून किंचित जास्त पश्चिमेला, म्हणजे इथली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे साडेचार मिनिटे मागे. मुंबईची ३९ मिनिटे मागे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबई ‘बॉम्बे टाइम’ सोडायला तयार नव्हती. इथे भांडण्याएवढा फरकच नाही.

*

राहिलेले काम. साडेबाराला एक ठोका, एकला एक, दीडला पुन्हा एक. सुट्टीच्या दुपारी जेवून आडवा झालेला माणूस अर्धवट जागा झाला तर त्याला यातून काहीच कळत नाही. अर्ध्या तासाला वेगळ्या, बारीक घंटेचा आवाज लावणार आहे. तक्त्यात सुट्टीच्या ओळीवर हे आधी करून बघायचे. बाकी दिवशी वहिनीला विचारून.