परक्या भाषेत दुखणं सांगताना

रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल यहुदी आणि आपण कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. तेल गाळणं हा त्यांचा जुना धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात मराठी बोलत, आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणत. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद इथे अजून मराठी ऐकू येते.

अम्मीची एक मैत्रीण होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. नवरा गेल्यावर सत्तरीत ती मुलाकडे दिमोनाला गेली. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातवंडं हिब्रू बोलणारी आणि बाहेर वाळवंट. सुरुवातीला ती फोनवर इकडच्या पावसाची चौकशी करायची. पुढे बोलणं कमी झालं. गुडघे दुखतात, झोप नाही, जेवण जात नाही, एवढंच. तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. सगळे म्हणाले, वय झालं.

डॉक्टरांशी हिब्रूत मुलगाच बोलायचा. मावशी सांगायची, "कशातच जीव लागत नाही." तो सांगायचा, "आईला थकवा वाटतो." आईचे ते शब्द परक्यासमोर उच्चारायला त्याची जीभ रेटत नसावी.

एका रात्री ती अम्मीला म्हणाली, "निजताना वाटतं, सकाळ उजाडूच नये." अम्मीने लगेच मुलाला फोन लावला आणि सांगितलं, "बेटा, हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांग." त्याने सांगितलं. मग औषधं सुरू झाली. आठवड्यातून एकदा मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांत तो तिला नेऊन बसवू लागला. काही महिन्यांनी मावशी पुन्हा जेवू लागली. घराची आठवण गेली नाही, पण सकाळ नकोशी वाटेनाशी झाली.

म्हातारपणातलं नैराश्य नेहमी रडून दिसत नाही. ते अंगदुखीतून, उडालेल्या झोपेतून, गेलेल्या भुकेतून बोलतं. तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. त्याला नाशुक्री म्हणून गप्प करू नये.

गावचं घर बंद करून आपणही अब्बा-अम्मींना पनवेल, मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये आणतो. देश तोच असला तरी ओटा सुटतो, ओळखीची माणसं सुटतात. दवाखान्यात त्यांच्या वतीने आपणच बोलतो. तेव्हा त्यांचं वाक्य पूर्ण सांगावं. त्याआधी ते घरी नीट ऐकून घ्यावं.