माळावरचे रेडिओकेंद्र आणि लॅपटॉपची वीज

हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, घराबाहेर तात्पुरते केंद्र उभारतो तेव्हा विजेच्या हिशेबातला मोठा आकडा बहुतेक वेळा रेडिओसंचाचा नसतो, लॅपटॉपचा असतो. नुसते बोलायचे किंवा मोर्स वाजवायचे तर संगणक लागत नाही. जो टेलर आणि स्टीव्हन फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेल्या एफटी-८ सारख्या डिजिटल पद्धतीत मात्र संदेश बांधणे आणि कानाला न जाणवणाऱ्या क्षीण संकेतातून अक्षरे वेचणे हे सारे काम संगणकच करतो. दहा वॉटच्या छोट्या संचाला पाठवताना अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, ऐकताना अर्धा अँपिअरही पुरतो. पाठवण्याचा वेळ एकूण वेळाच्या चौथा हिस्सा धरला तर सरासरी एक अँपिअर पडते. पंधरा वॉट खाणारा लॅपटॉप त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वा ते दीड अँपिअर ओढतो, आणि तोही सतत. म्हणून आखणी लॅपटॉपपासून करावी.

उदाहरण म्हणून धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातील तेरखेडा घेऊ. हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर बालाघाटाच्या पठारावर आहे. लघुलहरींवर ऐकायचे तर गावात बसून भागत नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर पंपांचे कंट्रोलर, डीपीवरचे सैल जोड आणि ११ केव्हीच्या खांबांवरचे तडकलेले चिनी मातीचे इन्सुलेटर या सगळ्यांची घरघर ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जमा होते. तारांपासून लांब, उघड्या माळावर गेले की तीच लहर स्वच्छ ऐकू येते. पण तिथे वीज नाही. शेतीच्या फीडरवर वीज असली तरी ती ठरलेल्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री येते. शिवाय जो आवाज टाळायला माळावर यायचे, त्याच्याच तारेला पुन्हा जोडून घेण्यात अर्थ नाही. तेरखेड्यात आणखी एक बाब सांभाळावी लागते. हे फटाक्यांचे गाव आहे. दिवाळीआधी इथले कारखाने आणि दुकाने गजबजलेली असतात. अँटेनाची उंच ताणलेली तार विजेच्या कडकडाटात धोक्याची असते आणि बॅटरीची वायर चुकून टेकली तरी ठिणगी उडते. म्हणून केंद्र कारखाने आणि गोदामांपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून मांडावे. वळवाचे ढग दाटले की अँटेना उतरवून ठेवावी. इथे चर्चेला जागा नाही.

अशी केंद्रे केवळ हौसेची नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे मातीला मिळाली आणि टेलिफोनच्या तारा गेल्या, तेव्हा हौशी रेडिओचालक मदतीला उतरले होते. तेव्हा उद्ध्वस्त झालेली सास्तूरसारखी गावे धाराशिव जिल्ह्यातलीच. आज तसा प्रसंग आला तर जखमींच्या आणि औषधांच्या याद्या लॅपटॉपवरूनच पाठवल्या जातील. त्यासाठी बॅटरीवर दिवसभर चालणारे केंद्र शांत काळातच उभारून, चालवून पाहिलेले असले पाहिजे.

बॅटरीची वीज लॅपटॉपपर्यंत न्यायचा सर्वांत सोपा दिसणारा मार्ग सर्वांत वाईट आहे. १२ व्होल्टवर इन्व्हर्टर लावायचा, त्याचे २३० व्होल्ट करायचे आणि त्यात लॅपटॉपचा नेहमीचा चार्जर खोचायचा, म्हणजे वीज दोनदा बदलते आणि दोन्ही वेळा गळते. प्रत्येक टप्प्यावर १५ टक्के गेले तरी हाती जेमतेम ७२ टक्के उरतात. त्याऐवजी १२ व्होल्टचे थेट १९ किंवा २० व्होल्ट करणारा डीसी कन्व्हर्टर ९० टक्क्यांच्या पुढे जातो. यूएसबी-सी वर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला गाडीत वापरायचा पीडी चार्जर चालतो. तो आणि लॅपटॉप आपसांत बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात. साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॉटपर्यंतच नेते, हे ध्यानात ठेवावे. गोल पिनेच्या काही लॅपटॉपना चार्जरची ओळख मधल्या बारीक पिनेतून पटावी लागते. ती न पटल्यास लॅपटॉप चालतो, पण स्वतःची बॅटरी भरत नाही. ही गोष्ट घरीच तपासावी.

खरा त्रास पुढे आहे. कन्व्हर्टर सेकंदाला काही लाख वेळा प्रवाह तोडतो-जोडतो, आणि त्या तोडजोडीचे पडसाद थेट लघुलहरींपर्यंत पोचतात. परीक्षा सोपी आहे. संच ७.०७४ मेगाहर्ट्झवर ठेवावा, लॅपटॉप त्याच्या आतल्या बॅटरीवर चालवावा आणि संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस मीटरची पट्टी पाहावी. मग कन्व्हर्टर जोडावा. पट्टी दोन एसने वर सरकली तर आवाज बारा डेसिबलने वाढला. समोरच्याने सोळापट शक्ती लावली तरच तो पूर्वीइतका ऐकू येईल. उपाय म्हणून कन्व्हर्टरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरींच्या दोन्ही जोड्या ३१ क्रमांकाच्या फेराइट कड्यावर आठ-दहा वेढ्यांनी गुंडाळाव्यात. वायरीवर नुसती चिमटा-फेराइट बसवून ७ मेगाहर्ट्झवर फारसा फरक पडत नाही. एवढे करूनही घरघर राहिली तर सर्वांत खात्रीचा मार्ग हाच: क्षीण संकेत ऐकताना लॅपटॉप आतल्या बॅटरीवर ठेवावा आणि विश्रांतीच्या वेळी भरून घ्यावा.

उलट दिशेचा त्रासही होतो. एका टोकातून जोडलेल्या लांब तारेला पुरेशी प्रतितार नसली की परतीचा प्रवाह केबलच्या जाळीवरून, संचावरून, यूएसबीच्या वायरीवरून लॅपटॉपमध्ये शिरतो. पाठवणे सुरू होताच माउसचा बाण थिजतो, साउंड कार्ड नाहीसे होते, कधी संच पाठवतच राहतो. शक्ती दोन वॉटवर आणताच हे थांबले तर दोष प्रोग्रॅममध्ये नाही, अँटेनात आहे. तिथे अँटेनाच्या केबलवर चोक बसवावा.

संच आणि लॅपटॉप एकाच बॅटरीवर असले की दोघांची ऋण बाजू एक होते. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आतली आणि बाहेरची ऋण वायर एकच असते. अशा वेळी संचाची जाड काळी वायर सैल झाली, किंवा तिच्यात फ्यूज असून तोच उडाला, तर संचाचे कित्येक अँपिअर यूएसबीच्या बारीक जाळीतून लॅपटॉपमार्गे बॅटरीकडे परततात, आणि मदरबोर्ड जळतो. फ्यूज धन वायरीत, बॅटरीजवळ असावा. ऋण जोड हाताने ओढून पाहावा. परवडत असेल तर दोन्ही बाजू अलग ठेवणारा कन्व्हर्टर घ्यावा. ध्वनीतली गुणगुणही त्याने जाते.

बॅटरी कोणती? यूपीएसची १२ व्होल्ट, ७ एएचची शिसे-आम्ल बॅटरी सर्वत्र मिळते, पण तिच्यातले निम्मेच वापरणे हिताचे. सव्वादोन अँपिअरच्या केंद्राला ती दीड तास पुरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची २० एएच बॅटरी तेच केंद्र आठ तास चालवते, आणि जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकते. ट्रॅक्टरची बॅटरी अडीअडचणीला उत्तम; मात्र इंजिन सुरू करण्याआधी सगळे काढून ठेवावे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळते आणि नंतरचा झटका कन्व्हर्टर फोडू शकतो. वायरीत कंजूषी नको. घरगुती १ चौरस मिलिमीटरची दोन मीटर लांब जोडी १० अँपिअरला पाऊण व्होल्ट खाते, अडीचची तीनदशांश.

सोलर पॅनेल ५० वॉटचे असले तरी मराठवाड्यातल्या स्वच्छ दिवसात केंद्राचा बराचसा खर्च भरून निघतो. त्याचा कंट्रोलरही आवाज करतो, तेव्हा एस मीटरची तीच परीक्षा त्यालाही लावावी. एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी आणि लॅपटॉप दोन्ही सावलीत हवेत. उन्हात पडदा दिसावा म्हणून उजेड पूर्ण वाढवला की खर्चही वाढतो, म्हणून काळ्या कापडाचा आडोसा हा वीज वाचवायचाच उपाय आहे. वीज वाचवायला वायफाय बंद करण्याआधी लॅपटॉपचे घड्याळ मिळवून घ्यावे. एफटी-८ ला एखाद्या सेकंदाहून जास्त फरक खपत नाही. रेंज नसलेल्या खोऱ्यात छोटा जीपीएस रिसीव्हर ते काम करतो. ज्यांना यादी आणि फाइलींची गरज नाही, त्यांनी अँड्रॉइड फोन किंवा चार-पाच वॉटचा रास्पबेरी पाय वापरावा; बॅटरीचे ओझे बरेच हलके होते.

घरी परतल्यावर शिसे-आम्ल बॅटरी त्याच दिवशी पूर्ण भरावी. लिथियमची पुढे महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरून, वायरी काढून ठेवावी.