तांदीच्या पुढे पंप नाही

मनाली-लेह रस्ता सर्वसामान्यांसाठी खुला झाला १९८९ साली. नेमकं त्याच सुमारास काश्मीर पेटलं. श्रीनगरहून झोजिला ओलांडून लेह गाठायचा जुना मार्ग पर्यटकांनी सोडून दिला आणि वर्दळ या नव्या रस्त्याकडे वळली. वर्दळ म्हणजे तरी किती? लष्कराचे ट्रक, डिझेलचे टँकर, हिमाचलच्या बसगाड्या, मोटारसायकलवरचे काही गोरे आणि अधूनमधून एखादी एमएच बारा. एमएच बारा समोरून आली की दोन्हीकडून हॉर्न वाजायचे, गाड्या आडव्या लागायच्या, ख्यालीखुशाली व्हायची आणि लगेच पुढच्या नाल्याला पाणी किती, याची चौकशी सुरू.

आमची तयारी दिवाळीचा फराळ संपायच्या आत सुरू व्हायची. रोहतांगवरचं बर्फ मे-जूनमध्ये हटायचं, बारालाचा मोकळा व्हायला त्याहून उशीर. म्हणजे हाताशी सहा-सात महिने, आणि तेही कमी पडायचे.

पहिला अडसर नकाशाचा. पुण्यात आळंदी रस्त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचं कार्यालय आहे. सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी तिथली शीटं आम्ही नेहमी आणायचो. लडाखचं नाव काढलं की मात्र काउंटरपलीकडचे गृहस्थ नुसती मान हलवायचे. सीमाभागाची शीटं विक्रीला नसतच. मग लिओमानचे ट्रेकिंगचे नकाशे कुणाकडून तरी पैदा करायचे. त्यांत धारा, खिंडी, गोम्पा झकास दाखवलेले. रस्ता मात्र नुसती रेघ; ती डांबराची की गोट्यांची, हे रेघेला विचारून कळत नसे. ते माणसांनाच विचारावं लागे. कुणाचा मेहुणा लष्करात, लेहला राहून आलेला. कुणी गेल्या वर्षी झंस्कारला गिर्यारोहणाला गेलेला. अशांच्या घरी रविवारी सकाळी वही घेऊन जायचं, पोहे खायचे आणि विचारत सुटायचं.

त्या वहीत रकाने आखलेले असत: मीटरवरचे किलोमीटर, ठिकाण, उंची, पाणी, तंबू लावण्याजोगी सपाट जागा. शेवटचा रकाना ‘कोणी सांगितलं’. सगळ्या वहीत जीव होता तो या रकान्यात. ट्रकवाल्याने सांगितलेलं पक्कं धरायचं. मोटारसायकलवाल्याने सांगितलेली वेळ दीडपट करून घ्यायची. आणि ज्याने खिंडीतल्या वादळाच्या गोष्टी फार रंगवल्या, त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह.

परवा पुतण्याने त्यांच्या ग्रुपचा लडाखचा बेत फोनवर पाठवला. एका संध्याकाळी झालेला. रंगीत तक्ता, रोजचे किलोमीटर, रोजची हॉटेलं, प्रत्येक ठिकाणाला नकाशावरची खूण. खूण दाबली की तिथला फोटो, तिथल्या चहाला लोकांनी दिलेले तारे, वाटेतल्या वळणांचं उपग्रहाने टिपलेलं चित्र. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. गाटा लूप्सची एकवीसच्या एकवीस वळणं सदाशिव पेठेत बसून मोजता येतात, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाही प्रश्नचिन्ह दिलं असतं.

तेव्हाच्या बेताचा कणा होता पेट्रोल. केलाँगच्या अलीकडे तांदीला पंप. तिथे पाटीच होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आमच्या जिप्सीची टाकी ४० लिटरची. पुणे-नाशिक रस्त्यावर अकरा-बारा देणारी गाडी तिथे चढावर, लो गिअरात, सामानानिशी लिटरला आठच्या वर जायची नाही. ३६५ भागिले आठ म्हणजे ४६ लिटर. त्यात वाट चुकणं, परत फिरणं, सकाळी इंजिन तापवत उभं राहणं धरा. थोडक्यात, टपावर वीस लिटरचे दोन जेरीकॅन असल्याशिवाय तांदी सोडायचं नाही. कार्ब्युरेटरची गाडी वर हवा विरळ झाली की नुसतं पेट्रोल ढोसते आणि काळा धूर ओकते. हजार मीटर चढलं की ताकद साधारण दहा टक्क्यांनी उतरते. टंगलंग ला ५,३२८ मीटरवर. म्हणजे तिथे पोचेपर्यंत निम्मी गाडी खालीच राहिलेली असायची. त्यासाठी बारीक जेट बरोबर घ्यायचा आणि केलाँगला थंडीत कुडकुडत बसवायचा.

जेरीकॅन मिळायचे जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी. लष्कराच्या मोडीतले, हिरव्या रंगाचे. ते निवडणं ही एक कला होती. झाकणाची खिट्टी उघडून आधी रबरी वॉशर नखाने दाबून बघायचा; तडा दिसला की ठेवून द्यायचा. मग तोंडातून बॅटरीचा उजेड टाकून तळ बघायचा. तपकिरी धूळ दिसली तर गंज. तो गंज पुढे सरचूच्या थंडीत कार्ब्युरेटरमध्ये येऊन बसणार. शेवटी तोंड लावून जोरात फुंकायचं आणि सांध्यावर ओला हात फिरवायचा. एवढं झाल्यावर भाव करायचा. विकणारा म्हणायचा, ‘साहेब, पाणीच भरायचंय ना?’ आमच्यातले सगळ्यांत वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते गंभीरपणे म्हणत, ‘हो, पाणीच.’ पेट्रोल म्हटलं की भाव चढायचा.

सुटे भाग नाना पेठेतून. फॅन बेल्ट, क्लच केबल, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पाट्यांचा एक जोड, ट्यूबा, पॅच, सोल्यूशन, पायपंप. टाकीला दगड लागून गळती झाली तर वरून चोळायला साबणाची वडी आणि नंतर लावायला एम-सील. आमचा मिस्त्री गाडी पूर्ण खोलायचा आणि आमच्याकडूनच बसवून घ्यायचा. ‘वर मी येणार नाहीये,’ एवढंच म्हणायचा. दोन शनिवार-रविवार त्यात जायचे. घरच्यांचे टोमणे त्याहून जास्त दिवस पुरायचे.

आजच्या डिझेल थारची टाकी ५७ लिटरची, टर्बोमुळे चढावर दमही बरा टिकतो. ३६५ किलोमीटर ती जेरीकॅनशिवाय आरामात ओलांडते. तांदीची ती पाटी आता फोटो काढायची जागा झाली आहे. गाडी बिघडली तर मिस्त्रीला फार काही करता येत नाही. सेन्सर रुसला की लॅपटॉप लागतो. पण ती बिघडते फार क्वचित, हेही खरं. पायपंपाच्या जागी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आला, ट्यूबच्या पॅचऐवजी ट्यूबलेसचा प्लग. हुंदरच्या वाळूत टायरची हवा कमी करून गाडी काढली की पुन्हा हवा भरताना आमच्या पोटऱ्या भरून यायच्या. या बाबतीत मला जुन्याचं काडीचंही कौतुक नाही.

खाण्याचं थोडक्यात: दशम्या पठाणकोट-मंडीपर्यंत, मग मेतकूट, लसणाची चटणी, गुळपापडी. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. तिथे पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं, भात उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. म्हणून कितीही जागा खाल्ली तरी प्रेशर कुकर हवाच. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याची पिन ज्याच्या ताब्यात, तो छावणीचा राजा. हल्ली गरम पाणी ओतलं की पाकिटात उपमा तयार होतो. चवीबद्दल बोलत नाही.

परवान्यांसाठी लेहमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे. नुब्रा आणि पँगाँग १९९४ मध्ये पर्यटकांना खुले झाले. अर्ज, ओळखपत्रं, सगळ्यांची नावं एका कागदावर, आणि त्या कागदाच्या गठ्ठाभर झेरॉक्स. प्रत्येक चौकीवर एक द्यायची. लेहमध्ये वीज गेली की झेरॉक्स बंद आणि झेरॉक्स बंद म्हणजे खारदुंग ला बंद. आता हे सगळं घरबसल्या होतं. घरी खुशाली कळवायला केलाँगला एसटीडीचं खोकं, त्यानंतर थेट लेह. मधले दिवस घरच्यांनी काळजी करायची नाही, असा करार असायचा. तो आम्हीच पाळायचो. आज दारच्याच्या पुढे मोबाइल अजूनही बराच पल्ला मुका असतो, बाहेरचं प्रीपेड कार्ड लडाखात चालत नाही, आणि विनापरवाना सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. तरी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर घरचे पोलिसात जायच्या तयारीत असतात.

खरा फरक मला दिसतो तो दोन जागी. एक नाल्यांचा. बर्फ उन्हाने वितळतं, त्यामुळे रस्ता कापून जाणारा नाला पहाटे घोट्याएवढा असतो आणि दुपारी तीनला गाडीच्या दाराला लागतो. लाहौलात एका नाल्याचं नावच पागल नाला. लाचुलुंग लाच्या बाजूला व्हिस्की नाला आणि ब्रँडी नाला आहेत. नावं कुणी ठेवली असतील ते ओळखा. हे पाण्याचं वेळापत्रक कुठल्याही नकाशात नव्हतं, ट्रकवाल्यांना ठाऊक होतं. दुपारी नाल्याच्या अलीकडे चार ट्रक ओळीने उभे, ड्रायव्हर दगडावर बसून चहा पीत आहेत, असं दिसलं की आपणही हँडब्रेक ओढायचा. जिप्सीच्या पुढच्या चाकांच्या हबवर एक चकती असते. ती हाताने फिरवून लॉक केल्याशिवाय आतला फोर व्हीलचा दांडा ओढून काहीही उपयोग नाही. शहाणा माणूस ते काठावर, कोरड्या दगडांवर करतो. दुसरे ते नाल्याच्या मध्यात गाडी रुतल्यावर करतात: पँट गुडघ्याच्या वर, बर्फाचं पाणी, बोटं इतकी बधिर की चकती फिरली की नाही हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. आमच्यातल्या एकाने हा प्रयोग केल्यावर वहीत नवा रकाना आला: ‘हब’.

सीमा सडक संघटनेने आता बहुतेक नाल्यांवर पूल टाकले आहेत, मोरे मैदानात गुळगुळीत डांबर आहे. आम्ही तिथे डझनभर चाकोऱ्यांतून आपली चाकोरी निवडून धुळीत गाडी हाकायचो. आता साधी मोटारही जाते. नाले मात्र बर्फाचे ते बर्फाचेच. पुलाचा भराव वाहून गेला की जुनं वेळापत्रक पुन्हा लागू होतं, आणि मग काचा वर करून, एसी लावून, फोनवर रेंज शोधत बसलेल्यांच्या रांगेत ट्रकवाल्याला विचारायला कुणी उतरत नाही.

दुसरा फरक अटल बोगद्याचा. ऑक्टोबर २०२० मध्ये उद्घाटन झालं. ९.०२ किलोमीटर लांब, मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी. लाहौलची माणसं हिवाळाभर कोंडून पडायची, आजारी माणसाला बाहेर काढायला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची. त्यांच्यासाठी हा बोगदा म्हणजे काय, हे आपण सुट्टीवर जाणाऱ्यांनी बोलूच नये. पण बेत आखणाऱ्याच्या दृष्टीने त्याने एक घोळ केला. रोहतांगच्या चिखलात आणि रांगेत आमचा अख्खा दिवस जायचा. चरफडत केलाँगला मुक्काम करावा लागे. केलाँग साधारण ३,१०० मीटर. न मागता मिळालेल्या त्या रात्रीत शरीर जरा रुळायचं. आता सकाळी मनालीहून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेआधीच केलाँगच्या पुढे असतो. मग वाटतं, अजून उजेड आहे, सरचू गाठू. दोन हजार मीटरवर नाश्ता आणि ४,३०० मीटरवर झोप. रात्री अकराला डोकं ठणकायला लागतं, ओकाऱ्या सुरू होतात, आणि खाली उतरायचं तर पुन्हा बारालाचा चढून जावं लागतं. फुप्फुसं टर्बोची नाहीत. चांगली गाडी आणि चांगला रस्ता माणसाला आजारी पाडायला लवकर पोचवतात. श्रीनगरकडून जाणारा रस्ता हळूहळू चढतो, म्हणून हल्ली मी सगळ्यांना जाताना तिकडून जा आणि येताना मनालीकडून उतरा असं सांगतो.

गर्दीबद्दल म्हातारं रडगाणं गायचं नाही असं ठरवलं होतं; पण आकडे सांगितले तर ते गाणं होत नाही. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांना खुलं झालं, त्या वर्षी पाचशेच्या आसपास लोक गेले. २०२२ मध्ये पाच लाखांवर. ‘थ्री इडियट्स’ २००९ चा; त्यानंतर पँगाँगच्या काठी तंबूंची वसाहत उभी राहिली. पाण्यात गाड्या घालून व्हिडिओ काढणाऱ्यांवर आता पोलिसांना कारवाई करावी लागते. आम्हीही वाटेल तिथे तंबू ठोकायचो, चूल मांडायचो. चंद्रतालच्या अगदी काठाशी राहायचो. आज तिथे तंबू तळ्यापासून दूरच लावावे लागतात, आणि तसंच हवं. मूठभर माणसांना जे खपून जायचं ते लाखोंना खपणार नाही.

तर पुतण्याचा बेत. चौथ्या रकान्यात ‘दिवस १: मनाली-सरचू’ असं होतं. मी म्हटलं, ‘सरचू काढ, अलीकडे खाली जिस्पाला राहा. आणि हे सगळं तुला सांगितलं कोणी?’

‘कोणी म्हणजे काका? सगळीकडे असंच आहे.’

‘त्यातलं एक तरी माणूस तुझ्या ओळखीचं आहे का? सरचूला झोपून आलेलं?’

तो गप्प बसला, मग हिशेबाला लागला. जिस्पाला थांबायचं तर एक दिवस वाढतो. रजा तर मंजूर होऊन बसलेली. म्हणजे शेवटचा उमलिंग ला जातो, ५,७९८ मीटरवरचा, ज्याच्या पाटीशेजारचा फोटो काढण्यासाठी निम्मा ग्रुप तयार झालेला. हानलेचं आकाश ठेवायचं की नाही, यावरही वाद. मी हानलेच्या बाजूने. रात्र तिथे खरोखर काळी असते आणि त्यासाठी गाडी कुठलीही चालते. शेवटी त्याने ग्रुपवर मतदान टाकलं: जिस्पा की उमलिंग ला. मघाशी बघितलं तेव्हा जिस्पाला चार, उमलिंगला नऊ, आणि एकाने विचारलं होतं की दोन्ही करून रात्रीची गाडी चालवता येणार नाही का.